खांबाआडचे फुवा

माझ्या आत्याच्या नवऱ्याइतका सावध माणूस तापी आणि पांझरा या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात आजवर झालेला नाही, आणि त्यांची सगळी सावधगिरी ज्या शत्रूंविरुद्ध आहे, त्यांतला एकही शत्रू धुळ्यात राहत नाही. हे मी पत्रकात छापून चौकाचौकात वाटायला तयार आहे. पत्रकात मी खोटं छापत नाही. फार तर अक्षर मोठं करते. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा, म्हणून ते माझे फुवा. पन्नाशी ओलांडलेले, बारीक, खिशाला कायम टेस्टर लावलेले. धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा. लग्न असो, निवडणूक असो, निषेध असो की श्रद्धांजली, आमच्या पेठेत आवाज फुवांचा. निम्म्या धुळ्याला त्यांनी बोलतं केलं. स्वतः मात्र माइकमध्ये आयुष्यभर एकच वाक्य बोलले : "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री." चारपर्यंतसुद्धा कधी गेले नाहीत. चार म्हणायच्या आत समोर माणसं दिसायची आणि ते माइक दुसऱ्याच्या हातात देऊन खांबाआड व्हायचे.

असा हा माणूस दुपारचं जेवण झालं की गोडाउनमध्ये, स्पीकरच्या खोक्यांच्या मधोमध, लॅपटॉप उघडून बसायचा आणि एका राज्याचा रक्षक व्हायचा. तो इंटरनेटवरचा खेळ. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच काल्पनिक राज्यात वावरतात. तिथे किल्ले, राक्षस, जादूगार सगळं असतं. आपण एक पात्र घ्यायचं, टोळी जमवायची आणि लढायचं. फुवांच्या टोळीचं नाव 'खान्देश रक्षक मंडळ'. त्यात सोनगीरचा एक ढाबेवाला होता. खेळात तो पोलादी चिलखतातला योद्धा, प्रत्यक्षात हायवेवर शेवभाजीच्या पातेल्याशेजारी फोन टेकवून बसलेला. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या एक वहिनी होत्या. त्या खेळात चेटकीण. हातातून निळ्या ज्वाळा निघायच्या आणि हेडफोनमधून कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या. ऐन लढाईत "एक मिनिट हं, डाळ लागतेय," असं म्हणून ही चेटकीण गायब व्हायची आणि अख्खं मंडळ राक्षसाला झुलवत तिची वाट बघायचं. यांतल्या कोणीही कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. फुवा स्वतः पांढऱ्या दाढीचे वैद्य. पात्राचं नाव 'माइकवाला धुळे'.

आता कोणालाही वाटेल की खेळ म्हटल्यावर हा माणूस राक्षस मारत असेल. छे! फुवांनी इतक्या वर्षांत एकही राक्षस मारला नाही. त्यांचं खातंच वेगळं. ते म्हणायचे, त्या राज्यात मंत्र दोन जातीचे. एक मारणारे, दुसरे गारद करणारे. मारणाऱ्या मंत्रांची त्यांना पर्वा नव्हती. त्यांचं सगळं वैर गारद करणाऱ्या मंत्रांशी. एक मंत्र तुम्हाला जागच्या जागी थिजवतो. एक गुंगी आणतो. एक मुकं करतो, म्हणजे तुम्हाला तुमचा मंत्रच म्हणता येत नाही. आणि एक तर असा, की तुमचे पाय तुमचं ऐकत नाहीत, तुम्ही लढाई सोडून भलतीकडेच धावत सुटता. रागावले की फुवांची शहरी मराठी सुटायची आणि ते घरच्या बोलीवर यायचे.

"मारनारा परवडला, माय," ते मला म्हणायचे. "मारनारा निदान मारस. हाऊ थिजाडनारा तुले जित्ता ठेवस, आन् तुन्हा डोयासमोर तुन्हा मानसं मारस!"

हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला होता, कारण मी त्याच दिवशी एका कार्यालयातल्या बाकड्यावर सकाळपासून बसून आले होते.

पण सांगत होते ते त्यांच्या सवयींबद्दल. गारद करणाऱ्या मंत्राचा पहिला नियम असा, की टाकणाऱ्याला तुम्ही दिसायला हवेत. दिसला नाहीत तर मंत्र लागत नाही. त्यामुळे चांगला खेळाडू लढताना खांब शोधून ठेवतो. फुवांनी हा नियम धुळ्यात लागू केला. कोणत्याही घरात, कार्यालयात, मंडपात शिरले की ते आधी खांब बघायचे. खांब नसेल तर कपाट. कपाट नसेल तर फुई. एकदा एक विमा एजंट घरी आला. गोड आवाज, चकचकीत बूट, हातात पेन उघडून तयार. फुवा फ्रिजच्या मागे गेले आणि तिथूनच उत्तरं देऊ लागले. एजंट डावीकडे सरकला की फुवा उजवीकडे. "काका, जरा समोर बसून बोलू या ना," तो म्हणाला. "समोर बसलो की झालं मग," फ्रिज म्हणाला. शेवटी तो गरीब माणूस चहा अर्धा टाकून उठला आणि दारात फुईला हळूच विचारून गेला, यांच्यावर काही उपचार चालू आहेत का. फुई म्हणाली, "पॉलिसी निघनारी व्हती का त्याच्यावर?"

गुंगीच्या मंत्राचा उतारा तर त्यांना फारच प्रिय. गुंगी आलेल्या माणसाला नुसता धक्का लागला तरी गुंगी उतरते. म्हणून जवळच्या सोबत्यानं त्याला हलकी टपली मारायची. पण ही टपली मारण्यात कला आहे. जोरात मारली तर आपल्याच माणसाचा जीव कमी होतो. फार अलगद मारली तर त्याला पत्ताच लागत नाही. "जीव कमी व्हायला नको आन् जाग यायला पाहिजे. अशी टपली," हे वाक्य फुवा संगीत शिकवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यानं म्हणायचे. आणि सराव म्हणून ते जगात जिथे जिथे डुलकी दिसेल तिथे टपली मारत हिंडायचे. जळगावला एकदा एका मोठ्या श्रद्धांजली सभेचा साउंड त्यांच्याकडे होता. व्यासपीठावर मुख्य पाहुणे पेंगत होते. फुवा माइकचा स्टँड सरळ करायच्या निमित्तानं मागून गेले आणि त्यांच्या खांद्यावर शास्त्रशुद्ध टपली मारली. पाहुणे दचकून जागे झाले आणि सवयीनं कडाडून टाळ्या वाजवू लागले. तेव्हा सभेत सगळे स्तब्ध उभे राहून शांतता पाळत होते. दिवंगतांचे चिरंजीव अजून फुवांना बोलवत नाहीत. फुवांचं म्हणणं एवढंच, की टपली बरोबर होती.

तिसरा नियम : घोळका करायचा नाही. मोठा मंत्र एका माणसावर पडत नाही, एका जागेवर पडतो. तिथे जेवढे उभे असतील तेवढे सगळे एकदम गारद. म्हणून एकानं इथे, एकानं तिथे, आणि निदान एकानं अगदी दूर उभं राहायचं, म्हणजे बाकीचे अडकले तर सोडवायला कोणी उरतं. या नियमामुळे आमच्या घराण्यात एक विचित्र प्रकार झालाय. लग्नाचा कोणताही ग्रुप फोटो काढा, नवरानवरीच्या भोवती सगळं गणगोत दाटीवाटीनं उभं, आणि पार कडेला, मांडवाच्या खांबाआडून, फुवांचा एक कान. एका फोटोत नुसतं टेस्टर आहे. फुई आजही पाहुण्यांना अल्बम दाखवताना तिथे बोट ठेवून सांगते, "हे आमचे मालक."

मी मात्र त्यांच्याशी भांडायचे. माझा स्वभाव घोळक्याचा. घोळका म्हणजेच मोर्चा, आणि मोर्चाशिवाय या देशात काय मिळालंय कोणाला? शिवाय त्यांच्या चौथ्या नियमावरून तर आमची कायमची जुंपलेली. खेळात प्रत्येकाकडे एक ताईत असतो. कितीही मोठा मंत्र लागलेला असो, ताईत वापरला की तुम्ही तत्काळ मोकळे. पण एकदा वापरला की तो पुन्हा भरायला फार वेळ लागतो. म्हणून कच्चे खेळाडू चिल्लर मंत्रावर ताईत उडवतात आणि खरा मंत्र आला की हात चोळत उभे राहतात.

"तुझा राग म्हणजे तुझा ताईत शे," ते एक दिवस मला म्हणाले. मी तेव्हा बसस्टँडवरच्या शिळ्या समोशावर पत्रक लिहीत होते. "तू तो सकायीच उडवी टाकस. समोशावर उडवस, रिक्षावाल्यावर उडवस. मंग मोठा मंत्र उना की तुन्हाजोडे काय राहस?"

"माझ्याकडे राग भरपूर आहे, फुवा."

"बठ्ठा आशेच म्हनतस," ते म्हणाले, म्हणजे सगळे असंच म्हणतात, आणि खोक्याआड गेले. मी ते पत्रक छापलंच. समोसा अजून शिळाच मिळतो; पण निषेध नोंदवला गेला, हे विसरू नये.

आणि मग मोठा मंत्र खरंच आला.

आमच्या पेठेत एक अभ्यासिका आहे. जुनी दगडी इमारत, आत लांब लाकडी बाकं, दोन पंखे. त्यांतला एक फिरतो आणि दुसरा फिरायचा विचार करतो. ज्या पोरांच्या घरी एकाच खोलीत सहा माणसं आणि एक टीव्ही, ती पोरं-पोरी पहाटेपासून इथे येऊन परीक्षांचा अभ्यास करतात. मी स्वतः तिथेच शिकले. ती चालवतं एक विश्वस्त मंडळ, आणि त्याचे अध्यक्ष नाना. नानांनी ठरवलं की अभ्यासिका पाडून तिथे मंगल कार्यालय बांधायचं. कारण? 'काळाची गरज.' लग्नं काय, रस्त्यावर मांडव टाकूनही होतात. गणित रस्त्यावर बसून होत नाही! आम्ही 'अभ्यासिका बचाव समिती' काढली. मी पत्रक लिहिलं. त्यात इतकी उद्गारचिन्हं होती की छापखानेवाल्यानं दुसऱ्या फॉन्टमधून उसनी घेतली.

नानांना भेटायला गेलो, तर नाना कधी नाही म्हणायचे नाहीत. "अगदी बरोबर आहे तुमचं. उद्या या, निवांत बोलू." बस्स. त्या आवाजात काहीतरी असं होतं की माणूस "बरं नाना" म्हणून पायऱ्या उतरून खाली आल्यावरच त्याला कळायचं, की काहीच झालेलं नाही. मी फुवांना सांगितलं. ते खुशीत येऊन हात चोळायला लागले.

"अगं, साधा थिजवणारा मंत्र आहे. यावर सोपा उपाय. एकच मंत्र एकाच माणसावर लागोपाठ टाकला की त्याचा जोर दर वेळी निम्मा होतो. शेवटी लागतच नाही. पण लागोपाठ पाहिजे. मधे वेळ गेला की परत ताजा."

"म्हणजे?"

"म्हणजे ते 'उद्या या' म्हणाले की खाली उतरायचं, पाणी प्यायचं आणि पाच मिनिटांत परत वर जायचं."

मी हसले, पण गेले. पहिल्यांदा "उद्या या" ऐकून मान डोलावली. दुसऱ्यांदा नुसती पापणी लवली. तिसऱ्यांदा नानांनी तोंड उघडलं आणि मला काही म्हणजे काही झालं नाही! मी तशीच खुर्चीत बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा नाना गोंधळले आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, की ठराव आता सर्वसाधारण सभेत ठेवू, तिथे वाचक सभासदांनाही मत आहे. मी पायऱ्यांवरून नाचत खाली आले. रस्त्यावर फुवा विजेच्या खांबाआड उभे होते. "लागला नाही ना?" त्यांनी विचारलं. "नाही लागला!" मी ओरडले आणि आम्ही दोघांनी शेजारच्या गाडीवर उसाचा रस प्यायला.

सभेचा साउंड अर्थात फुवांचाच होता. आणि इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी आम्हाला फुईकडून कळली, फुवा बोलले नव्हते. नानांनी त्यांना बोलावून सांगितलं होतं, की कार्यालय झालं की बारा महिने, प्रत्येक लग्नाचा साउंड तुझा, लिहून देतो. भाड्याच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठा मंत्र कोणता? आता रस्त्यारस्त्यावर दुसरे साउंडवाले झालेत, मोठमोठ्या भिंतीएवढे स्पीकर घेऊन हिंडतात. फुवांचे जुने कर्णे कोण विचारतो. फुई एवढंच म्हणाली, "तीन दिवस झाले, तो खेळसुद्धा उघडला नाही त्यांनी. नुसते बसेल शेतस." मी तडक गोडाउनमध्ये गेले. पत्रक-भाषेत बोलायची पूर्ण तयारी होती. फुवा वायरी गुंडाळत होते.

"फुवा, तुम्ही कोणाच्या बाजूनं?"

त्यांनी वर पाहिलं नाही. "सभेत बठ्ठा एकत्र उभा राहू नका," एवढंच म्हणाले. "स्टेजवर तर मुळीच नको."

आम्ही काय केलं? आम्ही स्टेजवर गेलो. सगळे. एकत्र.

त्यात आमची तरी काय चूक? नानांनी सभेची सुरुवात केली, "आपल्या अभ्यासिकेची ही सगळी गुणी लेकरं... त्यांचा सत्कार केल्याशिवाय आज मला बोलताच येणार नाही." आता आमच्या भागात सत्काराला नाही म्हणायची पद्धत नाही. माणूस भांडायला आला असला तरी सत्काराला उभा राहतो. आमची अख्खी समिती, विरोधात मत देणारा प्रत्येक वाचक, एकेक करून वर बोलावला गेला. खांद्यावर शाल. उजव्या हातात नारळ. डाव्या हातात गुच्छ. माझ्या जवळ आल्यावर नाना माइक बाजूला करून म्हणाले, "ताई, तुमचं पत्रक मी फ्रेम करून लावलंय. काय भाषा! काय आग!" आणि माझी जी काय आग होती ती, खरं सांगते, लाजून विझली. मी "थँक्यू नाना" म्हणाले. थँक्यू!

आम्ही स्टेजवर घोळका करून उभे. शाल खांद्यावरून घसरतेय, ती हनुवटीनं धरलेली. दोन्ही हात भरलेले. आणि नाना अगदी सहज म्हणाले, "तर, कार्यालयाच्या ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करावेत." खाली खुर्च्यांवर नानांची माणसं बसली होती, मोकळ्या हातांनी. हात वर झाले.

"विरोधात असणाऱ्यांनी हात वर करावेत."

आता मला कळलं. सगळ्यांनाच कळलं. पण हात कसा वर करायचा? नारळ जमिनीवर ठेवायचा? मी काही देवभोळी नाही, पत्रकांतून मी याच नारळांवर झोडपून लिहिलेलं आहे. पण सत्काराचा नारळ चपलांच्या शेजारी खाली ठेवायला माझाही हात धजेना. शेजारच्या पोरानं नारळासकट हात उचलायला पाहिलं, तर शाल पडली. ती धरायला गेला तर गुच्छ पडला. मी ओरडायला तोंड उघडलं, तर शाल सुटली. थिजलो होतो आम्ही. जित्ते होतो, डोळे उघडे होते, आणि आमच्या डोळ्यांसमोर आमची अभ्यासिका चालली होती.

"कोणीही नाही," नाना हसून म्हणाले. "तर ठराव सर्वानु..."

कुईंऽऽऽऽ!

माइकनं अशी किंकाळी फोडली की पहिल्या रांगेनं कान झाकले. नाना थांबले, खाकरले. "ठराव सर्वा..." कुईंऽऽऽऽ! मी मान वळवली. हॉलच्या त्या टोकाला, खांबाआड, फुवांचा एक कान आणि अॅम्प्लिफायरच्या बटणावर एक बोट. फुवा मला कितीदा सांगून थकले होते, की मंत्र पूर्ण म्हणून व्हायच्या आत मधे तोडला तर तो लागतच नाही! आणि तेवढ्यात मागच्या दारातून एक धिप्पाड माणूस आणि एक ठेंगणी बाई स्टेजवर चढली. मी दोघांनाही आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. बाई माझ्याजवळ आली आणि इतक्या मायेनं म्हणाली, "द्या ना ताई, जड होतंय तुम्हाला," की नारळ कधी सुटला कळलं नाही. मागे धिप्पाड माणूस कांद्याचं रिकामं पोतं उघडून उभा. नारळ जमिनीवर पडला नाही, कोणाचा अपमान झाला नाही. नारळ अदबीनं पोत्यात गेले. चेटकीण आणि योद्धा, फुवांनी गुपचूप फोन करून बोलावलेले! भुसावळहून सकाळच्या पॅसेंजरनं आणि सोनगीरहून मोटरसायकलवर!

पण नाना काही कच्चे नव्हते. त्यांनी माइक ठेवून दिला. त्यांचा मूळचा आवाजच मोठा. "साउंडवाल्या, बंद कर ते यंत्र!" ते गरजले. "आणि बारा महिन्यांचं आपलं काय ठरलंय, ते लक्षात आहे ना?"

सगळा हॉल खांबाकडे वळला. फुवा बाहेर आले. खांबाआडून पूर्ण बाहेर, दोन्ही कानांसकट, मी प्रथमच त्यांना गर्दीत पाहत होते. हातात माइक होता. तो तोंडाशी गेला.

"हॅलो, हॅलो," फुवा म्हणाले. "माइक टेस्टिंग. वन. टू. थ्री."

आणि थांबले. समोर माणसं दिसली असणार. माइक तोंडाशी तसाच होता. कोणीतरी हसलं. माझे हात आता मोकळे होते. मी स्टेजवरून उडी मारली, खुर्च्यांमधून धावत गेले आणि त्यांच्या खांद्यावर टपली मारली. मला काही त्यांची कला येत नाही, पण ती त्या दिवशी बरोबर लागली.

फुवा दचकले. माझ्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

"चार," ते माइकमध्ये म्हणाले. आणि मग, घरच्या बोलीत, एकेक शब्द सुटा सुटा : "नाना, पहिले त्यास्ना हात मोकळा करा. मंग मत मांगा. आन् तुमना बारा महिना तुमनाजोडेच ठेवा."

त्यांनी ताईत वापरला होता. इतकी वर्षं राखून ठेवलेला.

मग हातच हात वर झाले. नानांची माणसं खालच्या खुर्च्यांवर एवढीशी दिसायला लागली. ठराव पडला. आम्ही इतके ओरडलो की त्या ओरडण्याला फुवांच्या साउंडची गरज उरली नाही. त्या नारळांच्या सोनगीरच्या ढाब्यावर वड्या झाल्या आणि त्या अभ्यासिकेत वाटल्या गेल्या. नानांनीही दोन खाल्ल्या आणि मला म्हणाले, "छान लढलात, ताई. उद्या या." मला काही झालं नाही.

फुवांना मात्र नानांचं काम पुन्हा मिळालं नाही. धंदा आधीच उतरला होता, तो आणखी उतरला. मी त्यांच्यासाठी एक कडक पत्रक लिहायला घेतलं, तर म्हणाले, "राहू दे. समोशासाठी ठेव."

मग एक दिवस त्या खेळाच्या कंपनीनं कळवलं, की आता पूर्वीसारखी माणसं येत नाहीत, तेव्हा ते राज्य कायमचं बंद होतंय. फुवा शेवटच्या दुपारी लॅपटॉप घेऊन अभ्यासिकेत आले. गोडाउनमध्ये एकट्यानं बघवणार नाही म्हणाले. मी शेजारी बसले. पडद्यावर किल्ल्यासमोरच्या मैदानात मंडळ जमलं होतं, नेहमीच्या शिस्तीत, एक इथे, एक तिथे, एक पार लांब. हेडफोनमधून शिट्ट्या आल्या आणि वहिनींचा आवाज आला, "काका, आज काय करायचं?"

फुवांनी लांब लांब उभ्या मंडळावरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "या. बठ्ठा एकत्र या."

"घोळका करायचा?" ढाबेवाल्यानं दोनदा विचारलं.

"आता कोन टाकनारा शे मंत्र? या जवळ."

ती सगळी चिलखतं, झगे, दाढ्या, ज्वाळा एकमेकांत घुसून दाटीवाटीनं उभी राहिली, आमच्या घरच्या लग्नातल्या फोटोसारखी. मधोमध माइकवाला धुळे. आणि तशीच सगळी एकदम थिजली. या मंत्रावर उतारा नव्हता. फुवांनी हलक्या हातानं लॅपटॉप मिटला.

हल्ली दुपारच्या जेवणानंतर ते अभ्यासिकेतच येऊन बसतात. दुसरा पंखा त्यांनीच दुरुस्त केला. त्याच्याखाली, मधल्या बाकावर, वर्तमानपत्र उघडून. खांबाआड नाही, चांगले मधे, पोरांच्या घोळक्यात. थोड्या वेळानं वर्तमानपत्र खाली येतं आणि मान छातीवर टेकते. पोरं माझ्याकडे बघतात. मी उठते, मागून जाते आणि त्यांच्या खांद्यावर टपली मारते. आता ती मला जमायला लागली आहे. जीव कमी होऊ नये आणि जाग यावी, एवढीच.